रिकाम्या टबातली गाठ

वर्षभरापूर्वी ज्या दुकानात सोफे खपत नव्हते आणि मालक स्वतःच दिवसभर त्यांवर लोळत असे, त्या दुकानात आता बायकांच्या पोटातल्या गाठी विरघळत होत्या. शटर वर जाण्याआधीच बाहेर रांग लागायची. रांगेत जागा धरायला कोणी छत्री ठेवी, कोणी चप्पल, आणि एका बाईंनी तर नवऱ्यालाच उभं केलं होतं.

आत खुर्च्यांच्या दोन ओळी. प्रत्येक खुर्चीपुढे प्लॅस्टिकचा पांढरा टब, टबात घोट्यापर्यंत कोमट पाणी, पाण्यात बाईचे पाय आणि दोन पायांच्या मध्ये तारेला जोडलेली मूठभर आकाराची एक जाळीदार डबी. तार एका छोट्या यंत्राला. यंत्रावर हिरवा दिवा लागला की कुजबुज थांबायची. थोड्या वेळानं पाणी पिवळसर व्हायचं, मग चहासारखं, मग काढ्यासारखं. वर फेस धरायचा, आणि फेसात काळपट, तांबूस, बुळबुळीत तुकडे तरंगायला लागायचे.

"आली," कोणीतरी म्हणायचं.

"कोणाची आली?"

"शिंपीणबाईंची. बघा ना, केवढी."

शिंपीणबाई मान वाकवून टबाकडे अशा कौतुकानं बघायच्या, जणू मुलाचा वर्गात पहिला नंबर आला आहे.

या सगळ्याचा कर्ता माणूस स्वतःला जलगुरू म्हणवून घेई. गल्ली त्याला टबदादा म्हणायची, पण पाठीमागे. अंगारा नाही, मंत्र नाही, जटा नाहीत. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, आणि तोंडात अखंड विज्ञान.

"ताई, मी पाण्यात काही घातलं? तुमच्या डोळ्यांदेखत नळाचं पाणी घेतलं. चिमूटभर मीठ टाकलं, ते तर आपण जेवणातही घालतो. आता बघा, तळपायाला हजारो छिद्रं. वरची वस्तू खाली येते हा निसर्गाचा नियम. डॉक्टर वरून कापतात, आम्ही खालून उपसतो. पिवळं आलं तर मूत्रपिंड, काळं आलं तर यकृत, तांबूस आलं तर गर्भाशयाची गाठ. एकवीस बैठका. गाठ नाहीशी, पिशवी शाबूत, आणि वर्षाच्या आत पाळणा. नक्की."

त्या 'नक्की'वर तो असा थांबायचा की बायकांना वाटावं, हा शब्द आत्ताच वरून आला आहे.

मागच्या ओळीतल्या शेवटच्या खुर्चीवर पावताई बसली होती. खरं नाव वेगळं, पण नवऱ्याबरोबर ती बेकरी चालवायची, गल्लीतली पोरं पाव घ्यायला यायची आणि पोरांनी ठेवलेलं नाव मोठ्यांनीही उचललं होतं. शेजारी सासूबाई. त्यांच्या पोटात गाठबीठ काही नव्हती, पण "आलेच आहे तर बसते" म्हणून त्यांनीही पाय टबात सोडले होते. त्यांचंही पाणी तांबूस झालं तेव्हा जलगुरूनं ती त्यांची पूर्वीची, विसरलेली गाठ असल्याचं सांगितलं. सासूबाई दोन दिवस त्या विसरलेल्या गाठीच्या काळजीत होत्या.

पावताई भोळी नव्हती. पिठाचं पोतं दारात आलं की ती आधी हात घालून तळाचं पीठ बघायची. पण तिच्या पोटातली गाठ खरी होती. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूल हवं होतं आणि होत नव्हतं. दर महिन्याला रक्त असं जायचं की चार दिवस गल्ल्यामागच्या स्टुलावरून उठायची भीती वाटायची. शेवटी ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी तपासलं, सोनोग्राफी करवली, गाठ आहे म्हणाल्या, लोहाच्या गोळ्या दिल्या. पुढच्या खेपेला त्यांनी "ऑपरेशन" हा शब्द उच्चारला आणि पुढचं वाक्य सुरू केलं, तोवर पावताई दवाखान्याच्या पायऱ्या उतरत होती.

कारण तिच्या घराण्यात या गाठीवर एकच ऑपरेशन माहीत होतं. आईची पिशवी काढली, मावशीची काढली, मोठ्या जावेची काढली. सगळ्या ठणठणीत होत्या. पण त्या सगळ्यांना काढण्याआधी पोरं झाली होती.

म्हणून ती टबात पाय घालून बसली होती. विश्वास होता म्हणून म्हणणं बरोबर नाही. दुसरीकडे जागाच उरली नाही असं तिला वाटत होतं.

जलगुरूनं पहिल्याच दिवशी गोळ्या बंद करायला लावल्या. "लोह म्हणजे गाठीचं खाणं, ताई. एकीकडून आपण उपसायचं आणि दुसरीकडून तुम्ही तिला जेवू घालायचं, असं कसं चालेल?"

हे सासूबाईंना एकदम पटलं. घरातल्या गोळ्या त्यांनी स्वतः उचलून कपाटावर ठेवल्या.

पाळणा कधी हलेल ते हलो, पावताईचे पाय मात्र लवकरच लटपटायला लागले. जिना चढताना धाप, कानात गुणगुण. एकदा ट्रे उचलताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि गरम पाव जमिनीवर गेले. नवरा धावत आला. त्यानं पावांकडे पाहिलं नाही.

"उद्यापासून तू त्या रांगेत उभी राहायची नाहीस," तो म्हणाला.

"मग राहिलेल्या बैठका?"

"तो टब भाड्यानं देतो घरी. मी घेऊन येतो."

"तुमचा विश्वास आहे त्याच्यावर?"

"तुझा आहे ना?" तो म्हणाला.

आता या नवऱ्याविषयी थोडं सांगायला हवं. बापाकडून त्याला बेकरी मिळाली आणि एक खोडही. बेकरीत आधी भट्टी तापते, मग पाव आत जातात. भट्टीनं पावाची वाट बघायची, पावानं भट्टीची नाही. हा नियम त्यानं सगळ्या आयुष्याला लावून टाकला होता. शर्ट सापडायच्या आधी इस्त्री गरम. बायको चपला शोधत असायची तेव्हा खाली स्कूटर सुरू होऊन धूर सोडत असायची. पाहुणे येणार म्हटलं की चहाचं पाणी उकळून आटायचं आणि पाहुण्यांना साखरेचा पाक मिळायचा. सासूबाई म्हणायच्या, "हा जन्माला आला तोही आठव्या महिन्यात. आधी येऊन बसला."

टब घरी आला. नवऱ्यानं जलगुरूकडून सगळं नीट समजून घेतलं: पाणी किती, मीठ किती, डबी कुठे ठेवायची, बटण कोणतं. दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक ओसरल्यावर तो बेकरीच्या वर, घरात गेला. पावताई खाली हिशेब मिटवून येणार होती. तेवढ्यात एक आजोबा आले. त्यांना कालचा पाव परत करायचा होता, अर्धा खाऊन झालेला. त्यांच्याशी वाद घालण्यात बराच वेळ गेला.

ती वर आली तेव्हा नवरा जमिनीवर मांडी घालून टबासमोर बसला होता. हातांना पीठ तसंच. चेहरा असा, की भट्टी उघडली आणि आत पावांऐवजी मांजर निघालं.

टबात पाणी काढ्यासारखं झालं होतं. वर फेस. फेसात काळपट, तांबूस, बुळबुळीत तुकडे.

"तुम्ही बसलात का पाय घालून?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग आई बसल्या असतील."

"आई झोपली आहे. घोरणं ऐकू येतंय."

"मग हे कोणाचं?"

"तेच बघतोय मी मघापासून," तो म्हणाला. "मी नुसतं तापवत ठेवलं होतं. तू आलीस की वाट बघायला नको म्हणून."

आतल्या खोलीतून सासूबाईंचं घोरणं खरंच ऐकू येत होतं. टबात बारीक बुडबुडे निघत होते. रिकामा टब मन लावून कोणाची तरी गाठ उपसत होता.

खरं तर इथं पावताईला हसू यायला हवं होतं, किंवा राग. पण तिला एकदम रडू आलं, आणि नवऱ्याचा गोंधळ उडाला.

"अगं, बरं झालं ना? वेळेवर कळलं."

"काय बरं झालं?" ती म्हणाली. "आता जाऊ कुठे मी? हे खोटं निघालं म्हणजे पुढे ऑपरेशनच ना? पिशवी गेली की संपलं सगळं." मग नाक पुसत हट्टानं म्हणाली, "तुमच्या हाताला पीठ होतं. पाण्यात पडलं असेल."

नवरा वाद घालायच्या फंदात पडला नाही. उठला, टब मोरीत रिकामा केला, घासून घेतला, हात साबणानं धुतले. नळाचं ताजं पाणी, तेवढंच मीठ. "तूच बटण दाब," तो म्हणाला.

तिनं दाबलं. दोघं पाय पोटाशी घेऊन, एकही बोट पाण्याला लागणार नाही अशी बसली. पाणी पिवळसर झालं. मग चहासारखं. तेवढ्यात सासूबाई उठून दारात आल्या.

"आली का गाठ?" त्यांनी जांभई देत विचारलं.

"आली, आई," पावताई म्हणाली. "फक्त कोणाची ते कळत नाही."

*

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत तिघं शिरली. डॉक्टरीणबाईंनी पावताईच्या खालच्या पापणीची आतली बाजू पाहिली, नखं पाहिली, आणि पहिला प्रश्न गोळ्यांचा विचारला. सासूबाई छताकडे बघायला लागल्या.

नवऱ्यानं टबातली डबी रुमालात बांधून आणली होती, ती टेबलावर ठेवली. झालेली हकीकत सांगितली. डॉक्टरीणबाई ऐकत होत्या आणि हसू दाबत होत्या. मग पेनच्या टोकानं त्यांनी डबीची जाळी उचकटली. आत लोखंडाच्या दोन पट्ट्या होत्या, उंदरानं कुरतडल्यासारख्या.

"हा गंज आहे," त्या म्हणाल्या. "लोखंड, मिठाचं पाणी आणि वीज एकत्र आली की लोखंड झिजतं आणि पाण्यात गंज उतरतो. फेस आणि तुकडे त्याचेच. मीठ जास्त टाकलं की रंग लवकर चढतो, कमी टाकलं की पिवळसर राहतो. पाय असोत की नसोत."

"पण तळपायाला छिद्रं असतात म्हणे," सासूबाई म्हणाल्या.

"घाम येण्यापुरती असतात. गाठ गर्भाशयाच्या स्नायूची असते, मांसाची. ती मांडीतून, गुडघ्यातून उतरून पायातून बाहेर येणार कशी? मध्ये जिना नाही हो." मग त्या पावताईकडे वळल्या. "एक सांगू? तुमच्या रक्तात लोह कमी पडलंय, म्हणून चक्कर येते. ते ज्यानं बंद केलं, त्यानं तेच लोखंड पाण्यात विरघळवून तुमचे पाय बुडवले."

सासूबाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "गोळ्या कपाटावर मी ठेवल्या. आज काढून देते."

"मागच्या वेळी तुम्ही उठून गेलात," डॉक्टरीणबाई पावताईला म्हणाल्या. "मी ऑपरेशन म्हटलं, मान वर केली, तर खुर्ची रिकामी."

"मला वाटलं, पिशवी काढणार."

"मी म्हटलं तसं?"

"नाही. पण आमच्याकडे सगळ्यांची तीच काढली."

"त्यांना आणखी मुलं हवी होती?"

"नाही."

"तुम्हाला हवं आहे?"

पावताईनं मान हलवली. मग मान हलवणं पुरेसं वाटलं नाही म्हणून मोठ्यानं म्हणाली, "हवं आहे."

"मग त्यांचं उत्तर तुम्हाला कसं चालेल? तुमचा प्रश्नच वेगळा आहे."

मग डॉक्टरीणबाई निवांत बोलल्या. गर्भाशय म्हणजे एक खोली समजा. गाठ कधी भिंतीच्या बाहेरच्या अंगाला असते, कधी भिंतीत, कधी आत खोलीत डोकावते. बाहेरची बारीक असेल आणि त्रास देत नसेल तर तिला हातही लावायचा नाही, नुसतं लक्ष ठेवायचं. अनेकींना अशा गाठी असतात आणि मुलंही होतात. तुमची मात्र भिंतीत वाढून आत डोकावते आहे. त्यामुळे रक्त जातं, आणि गर्भ रुजायलाही अडचण होत असावी. काही औषधांनी गाठ आक्रसते, रक्त कमी होतं, पण औषध थांबलं की ती पुन्हा वाढू शकते, आणि त्यातली बरीच औषधं चालू असताना दिवस राहत नाहीत. गाठीला रक्त पुरवणारी नस आतून बंद करायचीही पद्धत आहे. काही बायकांना ती चांगली, पण पुढे मूल हवं असेल तर ती सहसा मी आधी सुचवत नाही. पिशवी काढली की गाठीचा प्रश्न कायमचा मिटतो, आणि मुलाचाही. उरतं ते, फक्त गाठ काढायची आणि पिशवी ठेवायची.

"असं करता येतं?" पावताईनं विचारलं.

"येतं. पोटावर बारीक छेद घेऊन, दुर्बिणीतून. मागच्या वेळी माझं वाक्य तेच होतं, तुम्ही अर्धं ऐकून गेलात."

"मग मूल होईल?" हा सासूबाईंचा प्रश्न.

"शक्यता वाढते. होईलच असं मी म्हणणार नाही. आणि आधीच ऐकून ठेवा. गाठी पुन्हा येऊ शकतात. भिंत भरून यायला काही महिने थांबावं लागेल. पुढे बाळंतपण बहुतेक सिझेरियननं. आणि फार क्वचित, ऑपरेशनमध्ये रक्त थांबलंच नाही तर जीव वाचवायला पिशवी काढावी लागते. हे मी आधी सांगते, नंतर नाही. घाई नाही, घरी जाऊन विचार करा. दुसऱ्या डॉक्टरांना विचारायचं असेल तर जरूर विचारा. आधी रक्त वाढवू. आणि हो, यांचीही तपासणी करून घेऊ."

"कोणाची?" सासूबाईंनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी पेन नवऱ्याकडे केलं.

"त्याची कशाला? त्याला कुठे गाठ आहे?"

"मूल काय एकट्या तुमच्या सूनबाईला होणार आहे?"

नवरा कानापर्यंत लाल झाला. पण लगेच म्हणाला, "कधी येऊ? आधीच येऊन बसतो." आणि त्या खोलीत शिरल्यापासून पावताई पहिल्यांदा हसली.

घरी तिनं चार दिवस घेतले. दुसऱ्या डॉक्टरांनाही विचारलं. तेही तेच म्हणाले, फक्त जास्त गंभीर चेहऱ्यानं. शेवटी दुपारी ट्रे पुसता पुसता ती नवऱ्याला म्हणाली, "गाठ काढायची. पिशवी ठेवायची. मी ठरवलंय."

"आणि ते क्वचितचं?"

"त्याची भीती वाटतेच," ती म्हणाली. "पण निदान कशाला घाबरायचं ते आता कळलंय."

*

टब परत द्यायचा होता. नवरा म्हणाला, मी नेऊन टाकतो. पावताई म्हणाली, मी पण येते. पाव पोचवायच्या हातगाडीवर टब ठेवून दोघं निघाली, मागून सासूबाई. जलगुरूचं दुकान भरलेलं होतं. शिंपीणबाई पहिल्या ओळीत.

"या, ताई," जलगुरू म्हणाला. "काय म्हणते गाठ?"

"तेच बघायला आणलाय टब. सगळ्यांसमोर लावू या म्हटलं."

तिनं टब मधोमध ठेवला. नवऱ्यानं नळाचं पाणी भरलं, मीठ टाकलं, डबी सोडली, बटण दाबलं. पावताई शेजारच्या खुर्चीवर बसली, चपला पायात घालून.

"पाय, ताई."

"राहू दे. आज पायांना सुट्टी."

पाण्याला रंग चढायला लागला. पुढच्या ओळीतल्या बायका वाकल्या, मागच्या उठून उभ्या राहिल्या.

"आली," कोणीतरी सवयीनं म्हणून गेलं, आणि मग गप्प झालं.

जलगुरू डगमगला नाही. "बघा यंत्राची ताकद," तो म्हणाला. "एवढ्या भगिनी इथे बसल्या आहेत, सगळ्यांच्या गाठी. हवेतूनच ओढायला लागलं."

"मग आम्ही पाय कशाला भिजवतोय?" मागून एकीनं विचारलं. "नुसतं बसतो की. माझ्या टाचांना भेगा पडल्या."

"हवेतून हळू येतं, भगिनी."

"हे तर पटपट येतंय."

"आमच्या घरी हवेत कोणाची गाठ होती?" पावताई म्हणाली. "मी खाली दुकानात होते. माझी गाठ मला सोडून एकटीच जिना चढून वर गेली का?"

हशा पिकला. जलगुरूनं पेन खिशातून काढलं आणि परत ठेवलं. "गाठीच्या लहरी असतात, ताई. सूक्ष्म. ते तुम्हाला समजायचं नाही."

"बरं. मग उलटं करू," पावताई म्हणाली. "पाणी बदलू, मीठ तेच, पाय घालू, आणि ही डबी तेवढी बाहेर ठेवू. गाठ पायातूनच यायची असेल तर येईल."

"डबीशिवाय यंत्र चालत नाही."

"मग गाठ डबीतून येते की पायातून?"

जलगुरू यंत्राची तार चाचपायला लागला. तेव्हा शिंपीणबाई उठल्या. गल्लीत त्यांच्याइतकी भक्त दुसरी नव्हती. अकरा बैठका झाल्या होत्या आणि बाराव्या बैठकीला त्या बसल्या होत्या. "मी घालते पाय," त्या म्हणाल्या. "माझं तर रोज भरभरून येतं. दादा, घाबरू नका, मी दाखवते यांना."

त्यांनी स्वच्छ पाण्यात पाय सोडले. डबी बाजूला, पाण्याबाहेर. सगळ्या बघत बसल्या. कोणी खोकलं, कोणी शेजारणीला गप्प केलं. पाणी होतं तसंच राहिलं. तळाला थोडी धूळ बसली, ती रस्त्याची होती.

"जरा थांबा," शिंपीणबाई म्हणाल्या. थांबल्या. मग पाय थोडे हलवून पाहिले. मग आपल्याच पायांकडे, ओळखीचं माणूस रस्त्यात ओळख न दाखवता निघून जावं तशा बघत राहिल्या.

नवऱ्यानं घरून आणलेल्या डबीची जाळी काढून कुरतडलेल्या पट्ट्या हातोहात फिरवल्या. पावताईनं डॉक्टरीणबाईंकडून जेवढं कळलं होतं तेवढं सांगितलं: लोखंड, मीठ, वीज आणि गंज. "तांबूस गाठ नाही, काळं यकृत नाही. मीठ कमीजास्त, एवढंच."

पट्टी सासूबाईंच्या हातात आली तेव्हा त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि जलगुरूला विचारलं, "म्हणजे मला पूर्वीची विसरलेली गाठ नव्हतीच?"

"आजी, ते असं आहे..."

"दोन रात्री झोपले नाही मी."

जलगुरूला तेवढ्यात एक महत्त्वाचा फोन आला. फोन वाजलेला कोणी ऐकला नाही, पण तो कानाला लावून बोलत बोलत मागच्या दारानं गेला.

टबांत पाय तसेच होते. कोणाला काढावेत की ठेवावेत कळत नव्हतं. मग मागच्या ओळीतली एक अगदी तरुण मुलगी, नव्यानं लग्न झालेली, बारीक आवाजात म्हणाली, "मग माझी गाठ? ती अर्धी गेली असं म्हणाले होते."

पावताईला तिचा चेहरा ओळखीचा वाटला. आरशात बरेच दिवस तो पाहिला होता.

"आहे तिथंच आहे गं," ती म्हणाली. "पण घाबरू नकोस. सगळ्याच गाठी काढाव्या लागत नाहीत. तुझी कुठे आहे, केवढी आहे, ते तपासल्यावर कळेल. आणि काढायची झाली तरी पिशवी काढलीच पाहिजे असं नाही. मला मूल हवं आहे, हे पहिल्या वाक्यात सांग डॉक्टरांना. आणि बोलणं पुरं होईपर्यंत उठू नकोस. मी उठले होते."

"तुमचं काय ठरलं?"

"रक्त वाढलं की ऑपरेशन. गाठ काढणार, पिशवी ठेवणार."

"मग मूल नक्की होईल ना?"

"ते डॉक्टरीणबाई म्हणाल्या नाहीत."

"हा तर नक्की म्हणायचा," शिंपीणबाई पुटपुटल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, कोणीतरी गेल्यासारखं होतं.

"हो ना," पावताई म्हणाली. "मला त्या एका शब्दासाठीच इथं यावंसं वाटायचं. पण बघा, त्याला गाठ कुठे आहे ते माहीत नव्हतं, तरी नक्की म्हणाला. डॉक्टरीणबाईंनी गाठ पाहिली, मापली, आणि जेवढं माहीत आहे तेवढंच बोलल्या. काय बिघडू शकतं तेही सांगितलं. भीती वाटली ऐकून. पण मग मला विचार करता आला. इथं बसून मला विचार करता येत नव्हता, नुसतं पाणी बघत होते."

सासूबाईंनी कोपऱ्यातला टॉवेलांचा गठ्ठा उचलला आणि ओळीतून वाटायला सुरुवात केली. "पुसा गं पाय," त्या म्हणाल्या. "गार पाण्यात किती वेळ बसणार?"

एकेक बाई पाय पुसून उठू लागली. शिंपीणबाईंनी पाय पुसून टॉवेलाची घडी घातली, मग त्या तरुण मुलीजवळ जाऊन म्हणाल्या, "माझ्याबरोबर येतेस? मलाही एकदा दाखवायचंच आहे. गाठ आहे असं यानंच सांगितलं होतं. मी कधी तपासलीच नाही."

गाठ असणं लाजिरवाणं नाही, आणि पायांतून ती उतरावी असं वाटणंही नाही. हवं ते कोणी पाण्यात दाखवलं की डोळे आपोआप तिकडे वळतात. पण वळल्यावर एक साधी गोष्ट करता येते, आणि तिला शिक्षण लागत नाही की धाडसही फारसं लागत नाही. पाय बाहेर काढायचे, आणि म्हणायचं, आता दाखवा.